मोबाइलची बॅटरी : आकड्याआधी तारीख पाहा

नागपुरात एप्रिल संपत आला की बर्डीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर एक तक्रार हमखास ऐकू येते : फोन सकाळी भरून निघतो आणि दुपारपर्यंत मान टाकतो, तेव्हा बॅटरी बदलून द्या. दुकानदार फोन उघडतो, खणातून एक चपटी काळी पिशवी काढतो आणि अर्ध्या तासाच्या आत काम उरकते. या अर्ध्या तासात ग्राहकाने जे प्रश्न विचारायला हवेत ते सहसा विचारले जात नाहीत, कारण बॅटरीला आपण चार्जर, कव्हर आणि काच यांच्या रांगेत बसवून टाकले आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो : मोबाइलची बॅटरी हा नाशवंत माल आहे आणि तो तसाच पारखून घ्यावा. कॉटन मार्केटमध्ये भाजी घेताना आपण ती कधीची आहे हे आधी पाहतो आणि वजनाकडे नंतर वळतो. बॅटरी घेताना मात्र सगळे लक्ष वजनाकडे, म्हणजे पाच हजार की सहा हजार या क्षमतेच्या आकड्याकडे, लागलेले असते.

पण त्याही आधी, दोष खरोखर बॅटरीचाच आहे का, हे ठरवावे लागते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीचे स्वतःचे तापमान साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तरच ती नीट भरता येते. त्यापलीकडे गेल्यास फोनमधील नियंत्रण व्यवस्था चार्जिंग मंद करते किंवा थांबवते. ॲपल कंपनी तर आपले फोन ० ते ३५ अंशांच्या वातावरणात वापरावेत, असेच सांगते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची, कुलर नसलेली खोली रात्रीसुद्धा निवत नाही. अशा खोलीत उशीखाली ठेवलेला, जाड कव्हर घातलेला फोन चार्ज होत नसेल, तर तो बिघडलेला नसून स्वतःचे रक्षण करीत असतो. म्हणून उन्हाळ्यात बॅटरीची परीक्षा पहाटे घ्यावी : कव्हर काढावे, फोन फरशीवर ठेवावा, खात्रीच्या केबलने भरावा आणि मग तो किती वेळ टिकतो ते पाहावे. चार्जिंगच्या भोकात साचलेली धूळ, मधेच तुटलेली केबल, नुकतेच आलेले सॉफ्टवेअर आणि कमकुवत नेटवर्क ही कारणेही याच वेळी तपासून घ्यावीत. तळघरात किंवा गावाकडे जिथे सिग्नलची एकच काडी दिसते, तिथे फोनला टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी अधिक वीज खर्च करावी लागते, आणि त्याचा दोष बिचाऱ्या बॅटरीवर जातो.

बॅटरी खरोखर थकल्याच्या खुणा वेगळ्या असतात. पडद्यावर तीस टक्के दिसत असताना कॅमेऱ्याचा फ्लॅश लावला आणि फोन बंद पडला, पुन्हा चार्जरला लावताच तो पंचवीस टक्के दाखवू लागला, तर ही अगदी खास खूण समजावी. असे का होते, हे कळण्यासाठी गच्चीवरच्या टाकीची कल्पना करा. बोअरवेलच्या पाण्याचा क्षार वर्षानुवर्षे नळीत साचत गेला, तर टाकीत पाणी असूनही एकाच वेळी दोन नळ उघडले की धार मरते. बॅटरीचे अगदी असेच होते. जुन्या बॅटरीत वीज शिल्लक असते, परंतु तिचा आतला अडथळा वाढलेला असल्यामुळे एकदम मागणी आली की व्होल्टेज कोसळते आणि फोन बंद होतो. दुसरी खूण म्हणजे मागचे झाकण किंवा पडदा एका कडेने उचलला जाणे. ही बॅटरी फुगल्याची खूण आहे, आणि ती दिसल्यावर पुढची परीक्षा घेत बसू नये. फोन चार्ज करणे त्या क्षणी थांबवावे. काही फोन सेटिंगमध्ये बॅटरीचे आरोग्य टक्क्यांत दाखवतात. हा आकडा ८० च्या खाली गेला की बॅटरी बदलण्याची वेळ आली, असे साधारणपणे मानले जाते.

आता नाशवंतपणाकडे वळू. लिथियम-आयन बॅटरी बाजारात प्रथम आणली ती सोनी कंपनीने, १९९१ साली. तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्या आत लिथियमचे आयन एका बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि फोन वापरला की परत येतात. या येण्याजाण्यात ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर जमतो. तो थर आवश्यकही आहे, कारण तो आतल्या द्रवाला ग्राफाइटपासून राखतो. पण तो हळूहळू वाढत राहतो आणि वाढताना थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून टाकतो. हाच तो नळीतला क्षार. महत्त्वाची गोष्ट अशी की हा थर बॅटरी वापरली नाही तरी वाढतो. तापमान जितके जास्त आणि बॅटरी जितकी भरलेली, तितका त्याचा वेग अधिक. म्हणजे बॅटरीला दोन वये असतात : एक किती वेळा भरली याचे आणि दुसरे किती महिने पडून आहे याचे. पहिले वय चक्रांत मोजतात. आज अर्धी आणि उद्या अर्धी वापरून पुन्हा भरली तर दोन दिवस मिळून एक चक्र होते. दुसरे वय कॅलेंडरवर मोजतात, आणि दुकानातल्या खणात पडलेल्या कोऱ्या बॅटरीला हेच दुसरे वय लागू असते.

हे मी वडिलांच्या फोनवरून शिकलो. त्यांचा फोन जुना, त्या मॉडेलचे उत्पादन बंद झालेले, तरी त्यांना तोच हवा होता. एका दुकानात सीलबंद ‘ओरिजिनल’ बॅटरी मिळाली आणि मी आनंदाने घेतली. दोन महिने बरे गेले. तिसऱ्या महिन्यात फोन पुन्हा दुपारी झोपू लागला. शेवटी दुसऱ्या कारागिराने ती बॅटरी बाहेर काढून दाखवली तेव्हा तिच्यावर छापलेला महिना तीन वर्षांहून अधिक जुना निघाला. दुकानदाराने मला फसवले असे मी म्हणणार नाही. सील खरेच शाबूत होते आणि बॅटरी बहुधा खरीच कंपनीची होती. ती तीन उन्हाळे कुठल्या तरी पत्र्याच्या माळ्यावर काढून माझ्या हाती आली असावी, एवढेच. पॅकिंग कोरे होते, माल शिळा होता.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की ही बॅटरी कधी बनली. तारीख बहुतेकदा लेबलवरच असते. काही ठिकाणी वर्ष, महिना आणि दिवस सलग अंकांत छापलेले असतात, तर काही ठिकाणी ते लांबलचक क्रमांकात दडलेले असतात. तारखेवर दुकानाचे स्टिकर चिकटवलेले असेल तर ते उचलून पाहण्याचा आग्रह धरण्यात संकोच करू नये. बनून सहा-आठ महिने झालेली बॅटरी मी घेईन, वर्ष झालेली जरा घासाघीस करून घेईन आणि दोन वर्षांपलीकडची फुकट मिळाली तरी विचार करीन. दुसरी परीक्षा मल्टिमीटरची, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या उपकरणाची, जे प्रत्येक कारागिराच्या टेबलावर असतेच. नीट साठवलेली नवी बॅटरी साधारण ३.७ ते ३.९ व्होल्ट दाखवते. आकडा ३ च्या खाली गेलेला दिसला, तर ती बॅटरी पडून पडून पार रिकामी झाली आहे असे समजावे. अशा मेलेल्या बॅटरीला थोडी वीज देऊन ‘जागे’ करण्याची युक्ती दुकानांत चालते, पण ती घ्यायची नाही : व्होल्टेज फार खाली गेल्यावर आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळू लागतो आणि पुन्हा भरताना तोच तांब्याचा अंश भलत्या ठिकाणी जमून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते.

तारखेनंतर आकडे. लेबलवर सर्वात मोठ्या अक्षरांत एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात, आणि बहुतेक सौदे याच आकड्यावर होतात. “भाऊ, जुनी चार हजारची होती, ही पाच हजारची घेऊन जा, साइज तीच,” असे कुणी म्हणाले की सावध व्हावे. बॅटरीत किती ऊर्जा मावेल हे मुख्यतः तिच्या आकारमानावर आणि आतल्या रसायनावर अवलंबून असते; तीच लांबी, तीच रुंदी, तीच जाडी ठेवून पंचवीस टक्के जास्त वीज कोंबणे हे जुन्या फोनच्या स्वस्त बॅटरीत घडत नसते. गेल्या काही वर्षांत सिलिकॉन मिसळलेल्या कार्बनचा वापर करून त्याच जागेत अधिक क्षमता देणाऱ्या बॅटऱ्या नव्या फोनमध्ये आल्या आहेत हे खरे, परंतु त्या त्या फोनसाठीच बनवलेल्या असतात. संशय आल्यास साधा उपाय म्हणजे काटा. आजच्या फोनमधली ५००० एमएएचची बॅटरी ढोबळमानाने ६५ ते ८० ग्रॅम भरते. काढलेली जुनी आणि नवी अशा दोन्ही बॅटऱ्या एकाच काट्यावर ठेवाव्यात. क्षमता जास्त सांगणारी नवी बॅटरी जुनीपेक्षा हलकी भरली, तर लेबल बोलते आहे आणि वजन ते नाकारते आहे. एकाच बॅटरीवर ‘टिपिकल’ ५००० आणि ‘रेटेड’ ४९०० असे दोन आकडे दिसले तर मात्र गोंधळू नये. पहिला सरासरी आणि दुसरा किमान क्षमतेचा असतो आणि दोन्ही छापणे हे प्रामाणिकपणाचेच लक्षण आहे.

खरे मोल वॉट-तासांचे असते. मिलिअँपिअर-तासांना व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॉट-तास मिळतात : ५००० एमएएच आणि ३.८७ व्होल्ट असल्यास १९.३५ वॉट-तास. हाच आकडा लेबलवर बारीक अक्षरांत दिलेला असतो, आणि लेबलवरचे तीन आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर लेबल बनवणाऱ्याने गुणाकारसुद्धा केलेला नाही, इतके तरी कळते.

व्होल्टचा आकडा मात्र केवळ हिशेबापुरता नसतो; सुरक्षिततेच्या दृष्टीने तोच सर्वात महत्त्वाचा आहे. जुन्या बॅटऱ्या ३.७ व्होल्टच्या असत आणि ४.२ व्होल्टपर्यंत भरल्या जात. पुढे ३.८, ३.८५ आणि त्याहून वरच्या बॅटऱ्या आल्या, ज्या ४.३५, ४.४ किंवा ४.४५ व्होल्टपर्यंत भरल्या जातात. ही वरची मर्यादा लेबलवर वेगळी छापलेली असते. फोन आपल्या मूळ बॅटरीच्या मर्यादेपर्यंत भरत जातो. समजा फोन ४.४ पर्यंत भरणारा आहे आणि आत बसवलेल्या बॅटरीची मर्यादा ४.२ आहे, तर ती प्रत्येक चार्जिंगमध्ये ठासून भरली जाते. तिच्यावरच्या छोट्या सर्किटने वेळीच तोडले तर बरे, नाही तर ती तापेल, फुगेल आणि प्रसंगी पेट घेईल. उलट बाजूने चूक झाली तर धोका नाही, फक्त बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. म्हणून ‘कनेक्टर बसला, आकार जुळला, म्हणजे चालते’ हा युक्तिवाद मान्य करू नये. मॉडेलचा नेमका क्रमांक, व्होल्टेज आणि भरण्याची मर्यादा या तिन्ही गोष्टी जुन्या बॅटरीशी जुळल्या पाहिजेत.

वर उल्लेख केलेले छोटे सर्किट म्हणजे बॅटरीच्या डोक्याशी पट्टीखाली दडलेली हिरवी किंवा काळी पाटी. जास्त भरणे, जास्त रिकामे होणे, शॉर्ट होणे यांपासून ती रक्षण करते आणि तिच्याशी जोडलेला तापमापक फोनला बॅटरीचा ताप कळवतो. हलक्या मालात बचत केली जाते ती सहसा इथे, कारण ती बाहेरून दिसत नाही. दुकानात ‘कंपनीची’, ‘ओरिजिनल’, ‘फर्स्ट कॉपी’, ‘ए ग्रेड’ असे शब्द चालतात, पण या शब्दांना कायद्याने काही अर्थ नाही. अर्थ आहे तो भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीला. अशा बॅटऱ्यांसाठी आयएस १६०४६ हे मानक सक्तीचे असून लेबलवर मानक चिन्हासोबत ‘आर’ या अक्षरानंतर आठ अंकी क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये हा क्रमांक घातला की नोंदणी कोणाची आणि कोणत्या वस्तूसाठी आहे हे समोर येते. हे काम दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होते. क्रमांक चार्जरचा निघाला किंवा भलत्याच कंपनीचा निघाला तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. मात्र ही नोंदणी सुरक्षिततेची आहे, टिकाऊपणाची नाही. नोंदणीकृत बॅटरीही तीन वर्षे पडून राहिल्यास शिळीच होते.

उत्पादन चालू असलेल्या फोनसाठी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जाणे मला सर्वात योग्य वाटते, भलेही पैसे जास्त लागोत, कारण तिथे माल फिरता असतो. आयफोनच्या बाबतीत आणखी एक अडचण येते : एक्सएस आणि एक्सआरपासूनच्या फोनमध्ये बाहेरची बॅटरी बसवली तर ती अस्सल असल्याची खात्री करता येत नाही, असा संदेश येतो. पाच-सहा वर्षे जुन्या, उत्पादन बंद झालेल्या फोनसाठी मात्र उलटा सल्ला देतो. त्याची ‘कंपनीची’ बॅटरी शोधण्यापेक्षा, एखाद्या नावाजलेल्या दुसऱ्या उत्पादकाने अलीकडे बनवलेली, नोंदणी क्रमांक असलेली बॅटरी अधिक चांगली चालते. वडिलांच्या फोनला शेवटी मी तशीच बसवली.

बसवण्याच्या कामात पाहण्यासारखे थोडेच आहे, पण ते पाहावे. दुकानात देताना फोन पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरलेला असावा, कारण कमी भरलेली बॅटरी चुकून टोचली गेली तरी कमी भडकते. जुनी बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. ती काढण्यासाठी कारागीर लोखंडी पटाशी खुपसू लागला तर त्याला थांबवावे. पट्टी ओढून किंवा गोंद सैल करणारा द्रव सोडून, प्लास्टिकच्या पातीने ती निघते. पाण्यापासून संरक्षण असलेला फोन एकदा उघडला की ते संरक्षण पूर्वीसारखे राहिले असे धरू नये. आणि नवी बॅटरी बसवल्यावर “पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला ठेवा” हा जो सल्ला मिळतो, तो निकेल बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम बॅटरीला त्याची गरज नसते.

आता जादा बॅटरीचा प्रश्न. जुन्या बटनांच्या फोनमध्ये बीएल-५सी नावाची बॅटरी नखाने काढता येत असे, आणि आजही साधे फोन, एफएम रेडिओ, भजने वाजवणारे छोटे स्पीकर यांत तिच्याच मापाच्या बॅटऱ्या बसतात. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने याच बीएल-५सीपैकी जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत सावधानतेची सूचना काढली होती, तेव्हा घरोघरी लोक बॅटरी उलटी करून तिच्यावरचा क्रमांक वाचत बसले होते. लेबल वाचण्याची ती सवय आपण पुढे का सोडली, हे कोडेच आहे. अशी जादा बॅटरी घेऊन ठेवायची असेल तर ती अर्धी भरून, घरातल्या सर्वात थंड खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावी आणि दर तीन-चार महिन्यांनी पाहावी. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढताच तिच्यावर पाणी सुटते. खिशात किल्ल्या आणि सुट्या पैशांसोबत तर मुळीच नको. न निघणाऱ्या बॅटरीच्या स्मार्टफोनसाठी मात्र ‘पुढे लागेल म्हणून’ आजच बॅटरी घेऊन ठेवणे म्हणजे दिवाळीसाठी वैशाखात कोथिंबीर घेऊन ठेवण्यासारखे आहे.

त्या जागी पॉवर बँक उपयोगी पडते, फक्त तिचा हिशेब नीट समजून घ्यावा. १०००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टने वीज देताना आणि फोनमध्ये पुन्हा भरताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे १९.३५ वॉट-तासांचा फोन तिच्यातून दोनदा भरत नाही, दीड वेळा भरला तर समाधान मानावे. विमानाने जाताना ती चेक-इन सामानात टाकता येत नाही. हातातल्या सामानात १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी असते, आणि २०००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असल्याने ती या मर्यादेत बसते.

राहिली काढलेली जुनी बॅटरी. फुगलेली असल्यास तिला दाबून सपाट करणे किंवा टाचणीने भोक पाडून ‘हवा काढणे’ हा प्रकार मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. आत असलेला वायू ज्वलनशील असतो आणि भोकातून आतले थर एकमेकांना भिडले की बॅटरी पेटते. कचऱ्याच्या गाडीत टाकली तर तीच बॅटरी दाबयंत्राखाली चिरडून भांडेवाडीच्या कचराडेपोतल्या ढिगापर्यंत जाणार. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि लेबलवरची फुली मारलेली कचरापेटी हेच सांगते की बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. तेव्हा तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, ती कागदी पाकिटात घालून वाळूच्या डब्यात किंवा मातीच्या कुंडीत सावलीत ठेवावी, आणि सेवा केंद्राकडे पुढची फेरी होईल तेव्हा तिथे हाती द्यावी. फुगलेली असेल तर पुढच्या फेरीची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी द्यावी.